पामेरियन आणि मिरची

नंदुरबारात पांढऱ्या, केसाळ, लहान कुत्र्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात. वस्तुतः त्यांतील बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात. निमुळते तोंड, उभे त्रिकोणी कान, पाठीवर वळलेले झुपकेदार शेपूट, आणि अनोळखी पाऊल वाजताच घर डोक्यावर घेणारा आवाज ही त्यांची लक्षणे. इंग्रजी अमदानीत युरोपातून आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांचा हा वंश पिढ्यानपिढ्या इथल्याच उन्हात रुजला. आजचा खरा पामेरियन जेमतेम दीड ते तीन किलोंचा. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून लहान चणीचे कुत्रे आणले आणि तिकडे छोट्या आकाराची आवड वाढली. पोमेरानिया या मूळ प्रदेशनामाचा अर्थ ‘समुद्रालगतची भूमी’. तो समुद्र बाल्टिक. आमच्याकडे तापी आहे, आणि चाळिशी ओलांडणारा वैशाख.

आमच्या घरी असा एक मोती तेरा वर्षे होता. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर ‘जात’ असा रकाना होता. तो इंडियन स्पिट्झ असल्याचे कळताच एक सुविद्य पाहुणे हसून म्हणाले, “म्हणजे गावठीच म्हणा की!” कुत्रा तोच, पण त्याच्याकडे पाहण्याची नजर क्षणात बदलली. खानदेशचेच भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेला देशीवाद आम्ही वर्गात आदराने शिकवतो. दारात मात्र ‘देशी’चे ‘गावठी’ व्हायला वेळ लागत नाही.

याच गावाची ओळख असलेल्या मिरचीकडे पाहावे. ती मूळ अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. आपल्या भाषेने तिला मिरीच्या नात्यातले नाव दिले आणि ती परकी उरली नाही. कुत्र्याचे उलट झाले. तो इथला झाला, नाव मात्र परक्या किनाऱ्याचे राहिले. कारण त्या नावातच त्याची प्रतिष्ठा होती. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन..!’ मधल्या टफीने ती वाढवली. पुढे २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीतला पग आला आणि हौस तिकडे वळली.

उसन्या नावावर मिळालेला मान फॅशनबरोबर जातो. मिरचीला आपण नाव दिले, कारण ती आपल्या जेवणात आली होती. हा प्राणी तर आपल्या उंबऱ्यावर राखण करत आला. आणि मराठीत त्याला अजून स्वतःचे नाव नाही.