उजनी मायनसमध्ये

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. सोलापूर, पंढरपूर, इंदापूरकडच्या माणसांना त्यात नवल वाटलं नाही. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे तिकडच्या उन्हाळ्यातलं सवयीचं वाक्य आहे. पण पुण्या-मुंबईत मोबाइलवर ही बातमी वाचणारा थबकतो. धरणात शून्यापेक्षा कमी पाणी असेल तरी कसं? वेबसाइटसाठी आलेख करणाऱ्याचं काम याच प्रश्नापासून सुरू होतं.

भीमेवरच्या या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. या ११७ पैकी जवळपास ६३.५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलं जाणारं तळाचं पाणी, आणि उरलेला ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. रोजची टक्केवारी काढली जाते ती फक्त उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे उणे ५० टक्क्यांवरही धरणात ३७ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. उलट चांगला पाऊस झाला की हेच धरण ठरलेल्या साठ्याच्याही वर, १११ टक्के भरतं.

चार्ट बनवण्याच्या बहुतेक साधनांत असा साठा दाखवायला तयार डायल मिळते, शून्यापासून शंभरापर्यंत काटा फिरणारी. उजनी त्या डायलमध्ये मावत नाही, ना खालून ना वरून. म्हणून हे काम नीट करणारा माणूस टक्के बाजूला ठेवतो आणि उभ्या अक्षावर सरळ टीएमसी घेतो. तळाशी शून्य, वर सव्वाशे. मधे ६३.५वर एक ठळक आडवी रेघ आणि तिच्याखालचा पट्टा फिकट करडा, त्या पट्ट्यावरच लिहिलेलं, ‘मृतसाठा’. वाचकाला आता उणे आकड्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. रेष करड्या पट्ट्यात उतरली की धरण मायनसमध्ये गेलं, हे दिसतंच.

आडव्या अक्षाचाही असाच विचार करावा लागतो. सुरुवात जानेवारीपासून केली तर धरण आधी रिकामं होत जातं, मग भरतं, मग पुन्हा उतरायला लागतं. एका पावसाळ्याची गोष्ट दोन कॅलेंडरांत तुटते. तोच अक्ष १ जून ते ३१ मे असा घेतला की रेष जुलै-ऑगस्टात उभी चढते, ऑक्टोबरात माथ्यावर टेकते आणि पुढे कालव्याला पाण्याचं आवर्तनामागून आवर्तन सुटेल तशी उतरत जाते. शेतकरी वर्ष असंच मोजतो. इथपर्यंत कोडची एक ओळही लिहिलेली नसते, तरी आलेख निम्मा झालेला असतो.

मग येतो या कलेतला सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न. वाचकाला हात लावायची सोय नेमकी कशासाठी द्यायची?

उजनीच्या आलेखात गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या रेषा एकावर एक येतात. त्या सगळ्या पुसट ठेवायच्या, चालू वर्षाची तेवढी गडद निळी, आणि वर एकच सोय, ‘वर्ष निवडा’. कारण प्रत्येकाचं वर्ष वेगळं असतं. कुणी २०१५-१६ काढून बघेल. त्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. कुणाला आपला ऊस वाळला ते वर्ष बघायचं असेल, तर कुणाला विहीर खणली ते. संपादकाने कितीही विचार केला तरी हजारो वाचकांसाठी एकच योग्य वर्ष त्याला निवडता येणार नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर माणसागणिक बदलतं, तिथे आलेखाला हालचाल द्यावी. ज्याचं उत्तर सगळ्यांना सारखंच आहे, ते न विचारता समोर लिहून ठेवावं.

मुंबईकरांना याचं एक मोठं उदाहरण पाठ आहे. २६ जुलै २००५च्या सकाळी साडेआठपासूनच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच २४ तासांत कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. ‘मुंबईत किती पाऊस झाला’ या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हतंच. दोन्हींची सरासरी काढून एक स्तंभ उभा केला तर तो पाऊस शहरात कुठेच पडलेला नसतो. अशा ठिकाणी आपलं ठाणं निवडता येणारा नकाशा वाचकाच्या खऱ्या उपयोगाचा असतो.

असे आलेख करायची काही साधनं जन्मलीसुद्धा घरच्या गरजेतून. नॉर्वेतल्या वीक या लहानशा गावात टोरस्टाइन ह्योन्सी या प्रोग्रामरला जवळच्या डोंगरावर, जिथे त्याच्या कुटुंबाची केबिन होती तिथे, किती बर्फ साठलंय हे आपल्या वेबसाइटवर दाखवायचं होतं. मनाजोगतं साधन मिळेना, म्हणून त्याने स्वतःच लिहिलं. २००९मध्ये ते ‘हायचार्ट्स’ या नावाने बाहेर आलं आणि जगभरच्या कंपन्यांच्या वेबसाइटवर जाऊन बसलं. त्याच्याही आधी, २००२मध्ये, कोलकात्यातल्या पल्लव नधानीने शाळकरी वयात ‘फ्यूजनचार्ट्स’ सुरू केलं होतं. तेव्हा ब्राउझरमध्ये काही हलवायचं तर बहुतेकदा फ्लॅश हे तंत्र वापरलं जायचं, आणि ते चार्टही फ्लॅशवरच चालत. पुढे कंपनी जावास्क्रिप्टकडे वळली.

२०११मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी ‘डी३’ आणलं आणि कामाची तऱ्हाच बदलली. डी३ तयार चार्ट देत नाही. आकडा आणि पडद्यावरची खूण यांची गाठ कशी मारायची, एवढंच ते सांगतं. शिकायला अवघड, पण करड्या पट्ट्यात उतरणारी उजनी काढायची तर असं मोकळं साधन हाताशी असलेलं बरं.

ज्याला कोड लिहायचा नाही त्याचंही अडत नाही. बर्लिनमधलं ‘डेटारॅपर’ किंवा लंडनमधलं ‘फ्लरिश’ उघडायचं, एक्सेलमधला तक्ता चिकटवायचा, रंग आणि मथळा ठरवायचा, मिळालेला एम्बेड कोड ब्लॉगमध्ये टाकायचा. तासाभरात नीटनेटका आलेख तयार होतो. थोडा कोड येत असेल तर ‘चार्ट डॉट जेएस’ पुरतं. ते कॅनव्हासवर रंगवतं, म्हणजे ब्राउझरला त्यात फक्त रंगाचे ठिपके दिसतात. हजारो बिंदू झरझर काढायला हे उत्तम. डी३ बहुतेकदा एसव्हीजी वापरतं. त्यात प्रत्येक रेष आणि प्रत्येक अक्षर पानावर स्वतंत्र वस्तू म्हणून राहतं, कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, आणि नीट नावं दिली तर दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडरही ते वाचून दाखवतं. कॅनव्हासच्या चार्टखाली आकड्यांचा साधा तक्ता ठेवला नाही, तर त्या वाचकासाठी तिथे रिकामी जागाच उरते.

हालचाल देण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक्स विभागातल्या आर्ची त्से यांनी २०१६मध्ये आपल्या सहव्यावसायिकांना बजावून सांगितलं होतं, की माउस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत जे ठेवाल ते कुणी बघणारच नाही असं धरून चाला. वाचक पान खाली सरकवतो, तेवढंच तो हमखास करतो. हे सांगणारा माणूस हात लावायच्या आलेखांचा विरोधक नव्हता. घर भाड्याने घ्यावं की विकत, याचा हिशेब करून देणारा टाइम्सचा प्रसिद्ध आलेख करणाऱ्यांत ते स्वतः होते. त्यात वाचक घराची किंमत, व्याजदर, राहण्याची वर्षं सरकवून पाहतो आणि उत्तर त्याच्यापुरतं बदलतं.

त्याच वृत्तपत्राने २०१५मध्ये वाचकाच्या हातात कोरा आलेख दिला. आई-वडिलांच्या उत्पन्नाप्रमाणे किती टक्के मुलं कॉलेजात जातात, ती रेष तुम्हीच काढा, असं सांगितलं. काढून झाल्यावरच खरी रेष दिसायची, जवळजवळ सरळ चढत जाणारी. आपला अंदाज आणि वस्तुस्थिती यांतली फट वाचकाने स्वतःच्या बोटाने आखलेली असायची. याउलट मार्च २०२०मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या हॅरी स्टीव्हन्स यांनी साथ कशी पसरते हे इकडून तिकडे धावणाऱ्या ठिपक्यांतून दाखवलं. तिथे वाचकाने कशालाही हात लावायची गरज नव्हती, ठिपके आपोआप धावत होते. पोस्टच्या वेबसाइटवर तोवर सर्वाधिक वाचला गेलेला लेख तो ठरला.

मराठी वाचकासाठी काम करताना आणखी काही गाठी सोडवाव्या लागतात. पहिली बोटाची. संगणकावर माउसचा बाण ठिपक्यावर टेकतो आणि शेजारी चौकट उघडते. मोबाइलवर अंगठा नेमका तोच ठिपका झाकतो, आणि बोट आडवं फिरवताना पान उभं सरकायला लागतं. म्हणून वाचलेला आकडा बोटाजवळ न दाखवता आलेखाच्या वर, ठरलेल्या जागी दाखवावा: ‘१५ मार्च : ७१ टीएमसी’. बोट कुठेही फिरो, नजर एकाच ठिकाणी राहते.

दुसरी गाठ अंकांची. परदेशी साधनं आकडे तीन-तीनच्या गटात तोडतात. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हा आकडा तिथे १,२३४,५६७ असा उमटतो, आणि मराठी डोळा लाख शोधत चाचपडतो. उपाय सोपा आहे. आजच्या प्रत्येक ब्राउझरमध्ये भाषेप्रमाणे अंक लिहिण्याची सोय असते. तिला मराठी-भारत एवढं सांगितलं की १२,३४,५६७ असं देवनागरीत, लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन लिहून येतं. डी३मध्येही गट तीन, मग दोन-दोन असे ठरवून देता येतात. अक्षावरच्या नावांना ओळीची उंची थोडी जास्त द्यावी लागते, नाहीतर वेलांट्या आणि रफार कापले जातात.

तिसरी गाठ जिल्ह्यांची, आणि ती सगळ्यात चिवट. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. आजच्या नकाशावर जनगणनेचे आकडे चढवले तर पालघर कोरा राहतो आणि ठाण्यावर दोघांचा भार पडतो. २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४मध्ये अहिल्यानगर ही नावं आली. जुन्या फाइलींत मात्र औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगरच आहेत. नावावरून जोडणी केली की तीन जिल्हे नकाशात करडे पडतात, आणि तिथे माहितीच नाही असा वाचकाचा समज होतो. म्हणून जोडणी नेहमी सरकारी जिल्हा-क्रमांकावरून करावी, आणि पालघरच्या आधीच्या आकड्यांसाठी ठाणे-पालघर एकत्र रंगवून तशी टीप आलेखातच द्यावी.

‘आलेखातच’ यावर भर द्यायला कारण आहे. आपल्याकडे आलेख फिरतो तो स्क्रीनशॉट होऊन, व्हॉट्सअ‍ॅपवर. वेबसाइटचं नाव, लेखाचा मथळा, खालचा मजकूर सगळं मागे राहतं आणि चौकोनी चित्र तेवढं पुढे जातं. त्या चित्राच्या आतच मथळा, एकक, आकड्यांचा स्रोत आणि शेवटच्या नोंदीची तारीख नसेल, तर मे महिन्यातली उजनी ऑगस्टात कुणाच्या तरी गटात पुन्हा कोरडी पडते आणि लोक उगाच हवालदिल होतात. रंगांचंही तसंच. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष संख्येने कमी नाहीत. निळा आणि नारिंगी घेतला, रेषेच्या टोकाशीच तिचं नाव लिहिलं, तर चित्र त्यांच्याही हाती नीट पोहोचतं.

हलणाऱ्या आलेखाची देखभालही करावी लागते. कागदावरचा आलेख छापला की त्याचं काम संपलं. वेबसाइटवरचा ज्या तंत्रावर उभा असतो ते तंत्र गेलं की तोही जातो. ३१ डिसेंबर २०२०ला अडोबी कंपनीने आपल्या फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि बातम्यांच्या वेबसाइटवरचे जुने हलते आलेख कितीतरी ठिकाणी कोऱ्या चौकटी होऊन बसले. म्हणून आलेखासोबत त्याचं एक साधं चित्र आणि मूळ आकड्यांची सीएसव्ही फाइल ठेवायची पद्धत पाळावी.

मार्च २०२०पासून स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘कोविड१९इंडिया’ने ती पाळली. राज्यांच्या पत्रकांतून आकडे वेचून त्यांनी रोजचा आलेख उभा केला आणि देशभर लोक तो उघडून आपलं राज्य, आपला जिल्हा शोधत. ३१ ऑक्टोबर २०२१ला त्यांनी काम थांबवलं, पण दिवसागणिक आकड्यांच्या फाइली पहिल्यापासून कुणालाही उतरवून घेता येत होत्या. त्याच फाइलींवरून संशोधकांनी नवे आलेख काढले आणि शोधनिबंध लिहिले.