बिस्लेची चांदमारी

लंडनला जाऊन आलेला माणूस काय काय पाहून आला हे त्याला विचारावे लागत नाही. राणीचा राजवाडा, थेम्सवरचा पूल, मेणाचे पुतळे आणि पावसाची तक्रार, एवढे ऐकायची तयारी ठेवली की झाले. मीही हे सगळे पाहिले. पण ज्या जागेविषयी लिहावेसे वाटते ती जागा लंडनच्या बाहेर, सरे परगण्यातल्या माळावर आहे आणि तिथे मी गेलो तो बंदूक उडवायला. वयाच्या सत्तरीनंतर!

वॉटर्लू स्टेशनातून निघालेली गाडी वोकिंग सोडले की ब्रुकवुडला थांबते. स्टेशनच्या एका अंगाला १८५४ साली सुरू झालेली अफाट दफनभूमी आहे. लंडनमध्ये मेलेल्यांना जागा पुरेना, म्हणून त्यांची सोय इथे केली आणि त्यांच्यासाठी वेगळी आगगाडीही चालवली. आपले जमशेटजी टाटा १९०४ पासून इथेच विसावले आहेत. त्यांच्या समाधीला नमस्कार करून आम्ही दुसऱ्या अंगाला वळलो. तिकडे बिस्लेची चांदमारी. पूर्वी स्टेशनापासून छावणीपर्यंत एक छोटी गाडी धावत असे. ती १९५२ साली बंद झाली.

माझी भाची वोकिंगला असते. तिचे यजमान इंजिनिअर आहेत आणि रविवारी बिस्लेला जाऊन रायफल उडवणे हा त्यांचा छंद. त्यांच्या क्लबात वर्षातून काही दिवस पाहुण्यांना नेता येते. “मामा, येणार का?” असे त्यांनी सहज विचारले आणि मी इतक्या घाईने हो म्हटले की भाचीने चमकून माझ्याकडे पाहिले. घाईचे कारण मी तेव्हा कोणाला सांगितले नाही.

बिस्लेला पाऊल टाकले की आपण परदेशात आहोत असे वाटतच नाही. लाकडी व्हरांडे, पत्र्याची छपरे, हिरवळीवर टाकलेल्या खुर्च्या आणि भिंतींवर मागच्या पिढ्यांच्या मिशाळ तसबिरी. महाबळेश्वरचा एखादा जुना बंगला उचलून आणून ठेवावा तसे सगळे. इथल्या राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना १८५९ ची. पहिला मेळा १८६० साली विंबल्डनच्या माळावर भरला आणि त्याची पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. पण कशी? व्हिटवर्थ साहेबांनी आपली रायफल एका लोखंडी घडवंचीत घट्ट बसवून नेम धरून ठेवली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली! टाळ्या अर्थात राणीला मिळाल्या. माणसाला बाजूला काढले की रायफल किती खरी असते, हे त्या दिवशी विंबल्डनला सर्वांनी पाहिले आणि कोणी बोलले नाही.

१८९० साली हा सगळा पसारा बिस्लेला आला. सेंच्युरी नावाच्या मैदानावर शंभरावर निशाणे एका ओळीत उभी असतात. स्टिकलडाउनवर तर बाराशे यार्डांपर्यंत गोळी टाकतात. राजाच्या किंवा राणीच्या नावाचे बक्षीस जिंकणाऱ्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवतात आणि १९३० साली हा मान मार्जरी फॉस्टर या बाईने प्रथम मिळवला तेव्हा कित्येक मिशा थरथरल्या असतील. १९०८ आणि १९४८ च्या ऑलिंपिकची नेमबाजी इथे झाली. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल सामन्यांची नेमबाजीही इथलीच आणि त्यात आपल्या मुंबईच्या अंजली भागवतांनी चार सुवर्णपदके नेली. हे जावईबापूंना ठाऊक होते. ते सांगताना त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज जरा वाढवला, ही गंमत नोंदून ठेवतो.

आम्हाला मात्र असल्या थोर मैदानांवर काम नव्हते. आमचे काम शंभर यार्डांवर, एका जडशीळ टेबलापाशी. टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या, एक पुढे मोठी, एक मागे छोटी. आणि त्यांच्यावर आडवी ठेवलेली ती. थ्री नॉट थ्री! लाकूड काळवंडलेले, पितळी पट्टीला हातांच्या घामाने आलेली झिलई. चोपन्न वर्षांनी भेट होत होती.

आता ते कारण सांगतो. १९७१ साली मी कॉलेजात एन. सी. सी. मध्ये होतो. वार्षिक छावणीत प्रत्येकाला थ्री नॉट थ्रीच्या पाच गोळ्या मिळाल्या. माझ्या चार गोळ्या कागदभर विखुरल्या आणि पाचवी कागदावर आलीच नाही. मित्र हसले. मी ताडकन म्हणालो, “रायफल वाकडी आहे.” शस्त्रागार सांभाळणारा हवालदार कोरेगाव तालुक्यातला, निवृत्तीला आलेला माणूस. तो पुढे होऊन म्हणाला, “साहेब, पोत्यावर ठिवून पाच गोळ्या मारू द्या. रायफलीत खोट निघाली तर माझी मान खाली.” साहेबांनी घड्याळ पाहिले. गोळ्या मोजून आलेल्या, वेळही संपत आलेली. रायफल नीट ठेवली नाही म्हणून हवालदाराला सर्वांदेखत बोलणी बसली आणि कागदावर शेराही पडला. मी गप्प उभा होतो. खोटे बोललो नव्हतो. मला खरोखरच तसे वाटत होते. पण तो पाच गोळ्या मागत होता तेव्हा त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, ते विसरता आलेले नाही.

जावईबापूंनी आधी स्वतः पाच गोळ्या झाडल्या. मग लाल बावटा, कानांवरची झाकणे, नळीत खोवलेला पिवळा तुकडा, हे सगळे सोपस्कार पाळून आम्ही निशाणापर्यंत चालत गेलो. पाच भोकांतली सर्वांत लांबची दोन घ्यायची, त्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजायचे आणि एका गोळीची जाडी वजा करायची. अडीच इंच भरले. शंभर यार्डांवर एक इंच म्हणजे जवळजवळ एका अंशाचा साठावा भाग. युद्धकाळातल्या साध्या रायफलीला अडीच इंच ही बक्षिसी.

मग मी बसलो. माझे सात इंच आले.

“टेबलावर ठेवूनसुद्धा?” मी विचारले. पिशव्यांवर रायफल ठेवली की माणसाचा संबंध संपला, अशी माझी समजूत होती. जावईबापू अवघडले. मामेसासऱ्याला शिकवायचे कसे? शेवटी म्हणाले, “मामा, राणीची रायफल लोखंडात आवळली होती. ही तुमच्या खांद्याला टेकलेली आहे.”

आणि मग त्यांनी जे शिकवले ते ऐकताना आपण इतकी वर्षे काय समजत होतो असे झाले. पुढची पिशवी नळीखाली कधी नाही, लाकडाखाली. आणि दर गोळीला लाकडाच्या त्याच जागी, नाहीतर गोळी वरखाली जाते. पट्ट्याची कडी पिशवीवर आपटता कामा नये. डावा हात पुढे रायफल धरायला नाही, मागे दस्त्याखालच्या छोट्या पिशवीवर. ती पिशवी मुठीत किंचित दाबली की नेम केसभर खाली येतो, सैल सोडली की वर जातो. खुर्ची इतक्या उंचीची हवी की मान ताणावी लागू नये. खांद्याचा दाब, गालाची जागा, पाचही वेळा तीच. कमी-जास्त चालेल, पण वेगवेगळे चालणार नाही.

“आता डोळे मिटा. दोन श्वास घ्या. उघडा. माशी कुठे आहे?”

माशी काळ्या चांदाच्या डावीकडे गेली होती. मी दंडाने तिला उजवीकडे ढकलणार तोच त्यांनी थांबवले. “नेम हातानं ओढून आणू नका. पिशव्या सरकवा, खुर्ची सरकवा. ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत जातो.” मी टेबलाशी दहा मिनिटे कवायत केली. डोळे मिटून उघडले तरी माशी चांदाखालीच बसलेली, असे झाले तेव्हा कुठे काडतूस मिळाले. माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला माशी आणि चांद दोन्ही एकदम स्पष्ट दिसेनात. “माशी स्पष्ट पाहा, चांद धूसर राहू द्या,” हे ऐकून मला हायसे वाटले. म्हातारपणाला सवलत देणारे असे खेळ फार नाहीत.

दुसरे पाच पाच इंचांत आले. नळी गरम झाली म्हणून मध्ये थांबलो. स्टिकलडाउनवरच्या बावट्यांकडे बोट करून जावईबापूंनी वाऱ्याचे सांगितले. जो वारा आमच्या गोळीला शंभर यार्डांवर इंचभर सरकवतो, तोच हजारावर तिला माणसाच्या उंचीहून लांब नेतो. मी ऐकत होतो, पण लक्ष त्या पाच इंचांत. त्यांतले तीन छान जवळ होते आणि दोन खाली उजवीकडे पळालेले. “ते दोन सोडले तर?” मी म्हटले. जावईबापू हसून म्हणाले, “ते दोनच तर वाचायचे असतात, मामा.”

तिसऱ्या खेपेला काडतुसे ते स्वतः भरू लागले. मी नेमावर डोळा ठेवायचा, ते आत सारून बोल्ट बंद करणार. पहिली गोळी दणक्यात गेली. दुसऱ्या वेळी श्वास सोडला, थांबलो, चाप दाबला. खट्!

आवाज नाही, धूर नाही. काडतूस पोकळ होते. आणि नळीचे तोंड पिशवीवरून खाली उजवीकडे चांगले दोन बोटे दबले होते. ते कोणी दाबले? दणकाच नव्हता. माझाच खांदा दणक्याला घाबरून आधीच पुढे धावला होता, डोळे घट्ट मिटले होते. इतकी वाळू, इतके जड टेबल, आणि त्यांना न जुमानता मी ती रायफल हलवली होती.

जावईबापू काही बोलले नाहीत. मीही काही वेळ तसाच बसून राहिलो. चोपन्न वर्षांपूर्वीची ती रायफल खरोखर वाकडी असेलही. बिस्लेच्या रायफलीवरून तिचा निकाल लागत नाही. पण माझी पाचवी गोळी कुठे गेली असेल हे मला आता नेमके ठाऊक झाले होते. खाली, उजवीकडे.

पुढची अर्धी दुपार आम्ही तोच खेळ खेळलो. खरे काडतूस की पोकळ, ते मला कळू द्यायचे नाही. बोटाच्या पेराने चाप सरळ मागे आणायचा, इतका हळू की कधी सुटेल ते आपल्यालाही कळू नये. सुटल्यावरही बोट तिथेच, गाल तिथेच, माशी परत कुठे येऊन बसते ते पाहायचे. आठव्या-नवव्या पोकळ काडतुसाला नळी हलली नाही. मग शेवटच्या पाच गोळ्या सलग झाडल्या. साडेतीन इंच. जावईबापूंनी दोनदा मोजले.

निशाणाच्या कागदावर रायफल, अंतर, तारीख आणि नाव लिहायची इथे पद्धत आहे. ते पेन पुढे करून उभे होते. तेव्हा मी त्यांना हवालदाराची हकिकत सांगितली. ते म्हणाले, “नाव आठवतं त्यांचं?” नाव आठवते, गावही आठवते. मी माझे नाव लिहिले, कागदाची गुंडाळी केली आणि आम्ही ब्रुकवुडची वाट धरली.

तो कागद आता माझ्या कपाटात आहे. दिवाळी झाली की कोरेगावकडे जायचे ठरवले आहे. हवालदार असणे शक्य नाही. पण घर असेल, घरात कोणी असेल. एस. टी. सकाळी सातची आहे.