मिनिटभर दम

पौष-माघात उळवीला मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याला आमच्याकडे दोन गोष्टी सांगाव्या लागत. पांघरूण बरोबर आणा, आणि स्कूटर आणलीत तर ती पडवीत आडोशाला लावा. चारी बाजूंनी जोयड्याचं रान. रात्री उतरलेलं धुकं उन्हं वर आली तरी हलत नाही. दवाने सीट अशी भिजते की पुसलेलं फडकं पिळावं लागतं. थंडी काही काश्मीरची नव्हे. पण स्कूटरला रुसायला तेवढी पुरते. माघातल्या चन्नबसवण्णांच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात. त्यांचे बैल पहाटे एका हाकेत उठतात. आमचं बजाज चेतक मात्र राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावूनही उठायला तयार नसे.

अण्णा इथे मास्तर होते. त्या काळी चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आमची स्कूटर 1984 साली आली, तेव्हा तिला हार घालून ओवाळलं होतं. ती चालू करण्याचा अण्णांचा विधी संध्येइतका ठरलेला होता. आधी सीटखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग स्कूटर एका अंगावर कलती करून क्षणभर धरायची. पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरमध्ये उतारानेच येतं, पंपबिंप नसतो. कलती केली की चार थेंब जास्त उतरतात. मग चोक ओढायचा आणि किल्ली न लावता दोन-तीन किका हळूच मारायच्या. त्यानंतर किल्ली, आणि खरी किक.

चोकचं कारण ते वर्गात शिकवावं तसं समजावून सांगत. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आणि गारठ्यात वाफ कमी होते. म्हणून चोकने पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. त्यातून टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं. रात्री कॉक उघडा राहिला तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून ऑइलच मागे उरतं आणि सकाळी प्लग काळाकुट्ट, ओलाचिंब. मग प्लगपाना काढायचा, प्लग पॉलिशपेपरने घासायचा आणि चुलीच्या कडेला, चहाच्या भांड्याशेजारी शेकत ठेवायचा. आई त्याला 'तुमचं नैवेद्याचं' म्हणे.

या साऱ्या शब्दांत एक गंमत आहे. चोक, किक, प्लग, क्लच हे शब्द आमच्या घरी मराठीत, शेजारच्या अज्जांकडे कानडीत आणि वाडीवरच्या कुणब्यांकडे कोंकणीत जसेच्या तसे. 1956 साली आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पुढे महाजन आयोग झाला, पाट्यांवरून भांडणं झाली. पण रुसलेल्या स्कूटरभोवती जमलेल्या माणसांत भाषेवरून वाद झालेला मी पाहिलेला नाही. सल्ले मात्र तिन्ही भाषांतून मिळत, आणि बहुतेक निरुपयोगी असत.

1991 च्या जानेवारीतली एक पहाट मात्र गमतीची नव्हती. आजीला दमा होता. पाचच्या सुमाराला तिची छाती भरून आली. ओठ काळसर पडू लागले, बोलताही येईना. पहिली बस सुटायला वेळ होता, आणि डॉक्टर म्हणजे रानातला घाट पार करून जायचं. अण्णांनी काही न बोलता प्लग काढून पुसला. चौथ्या किकेला इंजिन फडफडलं, निळसर धूर पडवीभर झाला. आजी आत होती म्हणून बरं. आई तिला शालीत गुंडाळून घेऊन आली आणि म्हणाली, ''आता निघा हो!''

अण्णा निघेनात. चोक अर्धा आत सारून, मूठ अगदी किंचित पिळून ते उभेच राहिले. आई रडकुंडीला आली. तेव्हा कांबळं पांघरून आलेले अज्जा तिला म्हणाले, ''स्वल्प बिसी आगली, अव्वा.'' जरा गरम होऊ दे. कानडी आईला फारसं येत नसे, पण हे कळलं. थंड इंजिन तसंच दामटलं असतं तर पहिल्याच चढावर ते बंद पडलं असतं, आणि त्या काळोख्या रानात दम्याच्या म्हातारीला घेऊन मदतीला कुणाला हाक मारायची? मिनिटभर थांबले असतील. मला ते संबंध प्रार्थनेच्या तासाएवढं वाटलं. मग आवाज एकसारखा झाला, अण्णांनी चोक पुरता आत ढकलला, आजीला मध्ये घेतलं, मागे आई बसली. अज्जांनी आपलं कांबळं आजीच्या पाठीवर टाकलं. धुक्यात तांबडा दिवा दिसेनासा झाला, तरी आवाज बराच वेळ ऐकू येत होता. तो मध्येच बंद पडत नाही ना, एवढंच आम्ही भावंडं ऐकत होतो.

इंजेक्शन वेळेवर मिळालं. आजी त्यानंतर चार हिवाळे जगली. कांबळं परत द्यायला ती स्वतः गेली, आणि अज्जांशी तासभर बोलत बसली. ती मराठीत, ते कानडीत.

बजाजने 2009 साली स्कूटर काढणं थांबवलं. 2020 साली चेतक पुन्हा बाजारात आली ती विजेवरची. माझ्या मुलाने तीच घेतली आहे. ना चोक, ना किक. बटण दाबलं की निघाली. गारठ्यात बॅटरी थोडी कमी पळते म्हणतात, पण चुलीशी काही शेकावं लागत नाही. चांगली गाडी आहे, उगाच नावं का ठेवा. जुनी भंगारात द्यावी असं त्याचं म्हणणं होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवत नेलेली ती स्कूटर 2024 साली पुन्हा तपासणीला न्यायची होती. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, किक मारणं त्यांना जमत नाही. त्यांनी मुलाला पडवीत बोलावलं, कॉक कुठे आहे ते दाखवलं आणि खुर्ची ओढून बसले. सातव्या किकेला धूर आला. मुलगा लगेच गिअर टाकायला गेला, तर अण्णांनी हात वर केला.

''बिसी आगली,'' ते म्हणाले.