बेरजेत लपलेला जॉइंट

मालेगावहून मनमाडकडे 40 किलोमीटर केबल टाकली आहे, असे समजू. 1550 नॅनोमीटरवर सिंगल मोड फायबरची चांगली काच किलोमीटरमागे 0.2 डेसिबल खाते, म्हणजे 8. ड्रम दोन-दोन किलोमीटरचे, तेव्हा मधे 19 जॉइंट; प्रत्येकाला 0.1 ची मुभा धरली तर 1.9. दोन टोकांचे कनेक्टर मिळून 1. बेरीज 10.9. पॉवर मीटरने याच्या आतला आकडा दाखवला की काम पास. माझा आक्षेप इथेच आहे. फ्यूजन मशीनवर हात बसलेला कारागीर 0.04 चा जॉइंट सहज देतो. असे अठरा झाले तर 0.72, एकोणिसावा तब्बल 1 डेसिबलने बिघडलेला असला, तरी जॉइंटांचा लॉस 1.72 च. चांगल्या जॉइंटांनी वाचवलेले एकटा वाईट जॉइंट गिळतो आणि मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. 1970 साली कॉर्निंगच्या प्रयोगशाळेने किलोमीटरचा लॉस 20 डेसिबलच्या खाली आणला, तेव्हा झगडा काचेशी होता. आता तो जॉइंटांशी आणि केबलच्या बाकांशी आहे. म्हणून नुसत्या एकूण लॉसवर केबल ताब्यात घेऊ नये. ओटीडीआर लावून जॉइंटगणिक हिशेब मागावा, तोही दोन्ही टोकांकडून आणि 1310 व 1550 अशा दोन्ही तरंगलांबींवर.

ओटीडीआर प्रकाशाचा स्पंद सोडतो आणि काचेतून मागे विखुरलेला अंश मोजतो. दोन ड्रमांच्या फायबरमध्ये प्रकाशाचा पसारा किंचित वेगळा असला, तर तोच जॉइंट इकडून 0.2 दिसतो आणि तिकडून उणे 0.1, जणू जॉइंटने प्रकाश कमावला! खरा लॉस सरासरीचा, 0.05. दोन तरंगलांबींवर मोजण्याचे कारण मालेगावसारख्या गावात लगेच पटावे. मोसम नदीच्या दोन्ही अंगांना दाटलेली वस्ती, घरांना खेटून यंत्रमागांच्या शेड. अशा गल्ल्यांत खांबावरून नेलेली केबल कुठेतरी आवळून वळवली जातेच. बाकाचा लॉस 1550 वर ठळक दिसतो, 1310 वर बराच कमी. बिघडलेला जॉइंट मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच. हे आधी पाहिले, तर नुसता वेटोळा सैल करायचा होता तिथे कोअर कापून नवा जॉइंट मारण्याचा उद्योग टळतो.

ठेकेदार म्हणेल, 24 कोअर, दोन टोके, दोन तरंगलांबी, म्हणजे 96 ट्रेस. शिवाय पलीकडे दुसरी गाडी, दुसरे यंत्र. तक्रार खोटी नाही, पण यंत्र दुसरे लागत नाही. पलीकडे दोन-दोन कोअर पॅचकॉर्डने जोडले की एकाच टोकावरून एक कोअर सरळ दिशेने आणि दुसरा उलट दिशेने मोजला जातो. मग अदलाबदल करायची. 80 किलोमीटरचा हा फेरा दमदार ओटीडीआरच्या आवाक्यातला आहे. दुसरा युक्तिवाद ग्राहकाचा: प्रकाश पोहोचतोय ना, मग कशाला खोलात शिरायचे? घरोघरच्या जीपॉन जोडणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी-प्लस वर्गाला 28 डेसिबलची मुभा असते. 1:32 स्प्लिटर त्यातले सुमारे 17 घेतो, 1310 वरचे 20 किलोमीटर आणखी 7. उरलेल्या 4 मध्ये सगळे कनेक्टर आणि जॉइंट बसवायचे. त्यातच एखाद्या जॉइंटने पहिल्याच दिवशी 1 डेसिबल खाऊन ठेवला असेल, तर पुढे रस्त्याच्या खोदाईत केबल तुटून मधे तुकडा घालावा लागला की त्याच्या दोन नव्या जॉइंटांना जागा फार थोडी उरते.