झाडीच्या तोंडाने वाचा

काही शब्दकोडी सगळी घरं भरली तरी सुटत नाहीत. आडवे शब्द झाले, उभे झाले, एकही घर रिकामं उरलं नाही, आणि वर छापलेला प्रश्न तसाच उभा असतो: या कोड्यात एक नाव लपलं आहे, ते कोणतं? त्या नावासाठी वेगळी सूचना नसते. भरलेल्या जाळीकडेच पुन्हा पाहायचं, आणि आपण इतका वेळ काय पाहिलं नाही ते शोधायचं. इंग्रजीत या प्रकाराला मेटा म्हणतात. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आलं, त्याच खेळाला पुढे फुटलेली ही फांदी. अमेरिकेत मॅट गॅफनी २००८पासून दर आठवड्याला असं एक कोडं देत आले आहेत. महिन्याचा पहिला आठवडा सोपा, शेवटचा भल्याभल्यांची झोप उडवणारा. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चं असं कोडं शुक्रवारी येतं, उत्तर रविवारी मध्यरात्रीपर्यंत कळवायचं, आणि बक्षीस काय, तर कॉफीचा एक मग. तरीही माणसं शनिवार-रविवार त्यात बुडून जातात. मला ते पूर्ण समजतं.

अर्जुनी मोरगावात आम्ही काही जण हा खेळ मराठीत खेळतो. आम्ही म्हणजे एक निवृत्त मास्तर, राईस मिलमध्ये हिशेब लिहिणारी एक मुलगी, नवेगावबांधच्या जंगलात ड्यूटी करणारा एक वनरक्षक, वडशाच्या नाटक कंपनीतला एक पेटीवाला, आणि इथून शिकून नागपूर-पुण्याला गेलेली चार घरची पोरं. पुण्याहून जोडली गेलेली दोन-तीन माणसं तर आम्ही अजून पाहिलेलीही नाहीत. कोडं फोनवर येतं, पण त्यावरची अर्धी चर्चा स्टेशनजवळच्या चहाच्या बाकावर होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाटकांचा हंगाम सुरू झाला की पेटीवाल्याचे निरोप पहाटे तीनला येतात. दोन अंकांच्या मध्ये तो एखादा उभा शब्द सोडवून टाकतो.

साध्या कोड्याचं गणित आमच्याकडच्या शेतासारखं आहे. एका बांधीचा धुरा फोडला की पाणी आपसूक पुढच्या बांधीत उतरतं. एक शब्द लागला की त्याची अक्षरं शेजारच्याला मिळतात. मेटात शेवटच्या टप्प्याला हे पाणी थांबतं. तिथे प्रत्येकाला आपलं काहीतरी घेऊन यावं लागतं.

मराठीत हे रचणं फार सुंदर आणि फार जिकिरीचं काम आहे. इंग्रजीत घरात एक सुटं अक्षर बसतं, आपल्याकडे घरात मात्रेसकट, जोडाक्षरासकट पूर्ण अक्षर बसतं. इंग्रजीत ‘महाराष्ट्र’ लिहायला अकरा घरं लागतात, आपल्याला चार पुरतात. त्यातलं शेवटचं ‘ष्ट्र’ एकटंच एका घरात. अर्जुनीला तीन, मोरगावला चार. पण आडव्या शब्दात ‘की’ आला तर उभ्यालाही ‘की’च हवा, ‘का’ चालत नाही, आणि तिथे रचणाऱ्याचा घाम निघतो. या अडचणीतच मला आपल्या लिपीची श्रीमंती दिसते. प्रत्येक अक्षराला दोन मजले आहेत, खाली व्यंजन आणि वर स्वर. रहस्य नुसत्या व्यंजनांत ठेवता येतं, नुसत्या मात्रांतही ठेवता येतं. मास्तरांनी एकदा फक्त वेलांट्यांची घरं जोडली तर जाळीत बाण उमटेल असं कोडं रचलं होतं. त्या दिवशी मी कागद हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून होते.

आणि हे आपल्याला परकंही नाही. संस्कृतात अंतर्लापिका आणि बहिर्लापिका असे कोड्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत: पहिलीचं उत्तर श्लोकातच दडलेलं असतं, दुसरीचं श्लोकाबाहेरून आणावं लागतं. वाल्मीकी रामायणाच्या चोवीस हजार श्लोकांतल्या प्रत्येक हजारातल्या पहिल्या श्लोकाचं पहिलं अक्षर घेतलं तर गायत्रीची चोवीस अक्षरं होतात, असं परंपरा मानते. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तर रामकथा कितीतरी तऱ्हांनी सांगितली. निरोष्ठ रामायणात ओठ मिटवून उच्चारायचं एकही अक्षर नाही, आणि मंत्ररामायणात रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं आर्यांमध्ये गुंफलेली आहेत. पंडिती कसरत म्हणून आपण हे बाजूला सारलं. मला तो अन्याय वाटतो. वाचणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारा कवी दुर्मीळ असतो: मी सांगणार नाही, तू शोधशील.

शब्दकोड्यांवरून आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली आहे, हे फार कुणाला आठवत नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे मोठ्या रकमेच्या कोडेस्पर्धांचं वेड देशभर पसरलं होतं. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा त्यात गाजलेल्या. लोक प्रवेशशुल्क भरून ढिगाने कुपनं पाठवत. १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा आला आणि महिन्याला एक हजार रुपयांच्या वर बक्षीस देणाऱ्या स्पर्धा बंद झाल्या. त्याखालच्यांनाही परवाना आणि दोन हजार प्रवेशिकांची मर्यादा. चमारबागवालांनी कायद्याला आव्हान दिलं. १९५७ साली न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांनाच लागू आहे. ज्यात कौशल्याचा वाटा मोठा, त्या स्पर्धा त्याच्या कक्षेत येत नाहीत. निकाल कायद्याचा असला तरी कोडं रचणाऱ्याने तो उशाशी ठेवावा. एका घरात दोन अक्षरं सारखीच बसत असतील आणि खरं कोणतं ते बंद लिफाफ्यात असेल, तर तो जुगार झाला. चांगल्या कोड्याचं उत्तर सापडलं की दुसरं काही असूच शकत नव्हतं, हे सोडवणाऱ्याला कुणी न सांगता पटतं.

आमच्यातला नियम एकच आहे. मुदत संपेपर्यंत उत्तर सांगायचं नाही. अडलेल्याने विचारायचं, सुटलेल्याने आधी उलट विचारायचं, “कुठवर आलात?” मग त्याच्या वाटेवरच एक पाऊल पुढे दिसेल एवढंच बोलायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी समोरचा कुठे उभा आहे ते नीट ऐकावं लागतं, त्याच्या डोक्यात शिरावं लागतं. वनरक्षक यात सगळ्यांत तरबेज. तो म्हणतो, “बाई, पाचव्या ओळीत जरा थांबून बघा,” आणि गप्प होतो. जंगलात पक्षी दाखवताना तो असंच करतो. बोट दाखवत नाही, कोणत्या झाडाकडे पाहायचं तेवढं सांगतो. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते, त्यांचा ‘पक्षीकोश’ तो पेटीत जपून ठेवतो आणि पक्ष्यांवरच्या सगळ्या सूचना त्यातूनच तपासतो. सारसाची सूचना मात्र तो पुस्तक न उघडता लिहितो. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आमच्याच गोंदिया जिल्ह्यात दिसतात.

गेल्या रोवण्याच्या दिवसांत मी एक कोडं दिलं. वर प्रश्न होता: या तालुक्याचं पोट कशावर चालतं? खाली एकच इशारा: झाडीच्या तोंडाने वाचा. ‘गिरणगावातली सामाईक ओट्यांची वस्ती’ याचं उत्तर ‘चाळ’, आणि ‘आईची लाडाची हाक’ याचं ‘बाळा’. या दोन शब्दांखेरीज जाळीत कुठेही ‘ळ’ येऊ नये याची मी काळजी घेतली होती.

इशाऱ्यातली ‘झाडी’ म्हणजे आमची झाडीपट्टी, आणि तिच्या झाडीबोलीत ळ नाही. डोळ्याला डोरा म्हणतात, काळ्याला कारा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला, तिची संमेलनं उभी राहिली, म्हणून आज आम्ही हे ताठ मानेने सांगतो. पण शाळेत आमच्या ‘डोरा’ला वर्ग हसायचा. पाटीवरचा तो ‘र’ खोडून ‘ळ’ करायला लावायचे, आणि घरी गेल्यावर आजीशी बोलताना तो ‘ळ’ कुठे ठेवायचा ते कळायचं नाही.

पुण्याची मंडळी दोन दिवस झाडांची नावं शोधत होती. ‘झाडी’ म्हणजे त्यांना झाडंच दिसणार. कुणी जाळीतली ‘धामण’ पकडून तिच्यामागे सापांपर्यंत गेलं. पेटीवाल्याला ‘तोंड’ म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर वाटलं. राईस मिलवरच्या मुलीने मात्र रात्री आईला ऐकवायला म्हणून सगळी जाळी मोठ्याने वाचली. चाळ वाचताना तिच्या तोंडून चार आलं, बाळा वाचताना बारा. चार क्रमांकाच्या घरात ‘धामण’चा ‘धा’ होता, बाराच्या घरात ‘नकाशा’चा ‘न’. धान.

तिने मला फक्त “झालं” एवढंच लिहिलं, कारण मुदत संपायची होती. पण नंतर चहाच्या बाकावर ती म्हणाली, “बाई, आईला शाळा नाही. तिच्यासारखं वाचलं म्हणून सुटलं.” मला पुढे काही बोलवेना. ज्या उच्चारासाठी या मुलीच्या घरातल्या पिढ्या शहरात तोंड मिटून बसल्या, तोच या वेळी एकमेव किल्ली होता, आणि ती पुण्यात कुणाकडे नव्हती.

मुदत संपल्यावरची चर्चा मला उत्तराहून जास्त आवडते. तेव्हा प्रत्येकजण आपली हुकलेली वाट उलगडून दाखवतो, आणि त्या वाटा कधीकधी खऱ्या वाटेहून देखण्या असतात. मास्तर बारापर्यंत पोचले होते. पण बारा म्हटल्यावर त्यांना आमच्या लाईनवरचं बाराभाटी स्टेशन आठवलं. मग चार म्हणजे अर्जुनीपासून चौथं स्टेशन, असं धरून ते गोंदियाच्या दिशेने पार कागदावर रूळ आखत गेले. नागपूरच्या पोराने लिहिलं, “सर, हे उत्तर नसलं तरी कोडं आहे.” सगळ्यांनी तेच म्हटलं, आणि मास्तरांनी ते मनावर घेतलं.

त्यांचं नवं कोडं शुक्रवारी आलं. आडवे-उभे शब्द साधे आहेत, पण घरांचे क्रमांक गोंदिया ते वडसा या मार्गावरच्या स्टेशनांच्या क्रमाने लावले आहेत, आणि वर प्रश्न आहे: गाडी कुठे थांबत नाही? पुणेकरांनी टाइमटेबल मागवलं आहे. वनरक्षकाने “जाळी भरली” कळवलं, पुढे अवाक्षर नाही. मिलवरच्या मुलीचा आत्ताच निरोप आला, “बाई, कुठवर आलात?” मी लिहिलं, सौंदडपर्यंत.