डोंबिवलीची जागा

डोंबिवलीला प्रेक्षणीय स्थळ असे काही नाही. दिवाळी अंकांतून काश्मीरचे सरोवर येते, केरळच्या होड्या येतात, हल्ली तर नॉर्वेचा मध्यरात्रीचा सूर्यही उगवतो. पण मुंबईपासून ४८ किलोमीटरवरचे हे गाव पाहायला मुद्दाम तिकीट काढून कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. डोंबिवलीला माणसे जातात ती जागा पाहायला. ‘जागा’ हा शब्द मुंबईकराच्या अर्थाने घ्यायचा. गिरगाव-परळच्या खोलीत संसार मावेनासा झाला, थोरल्याचे लग्न ठरले, घरमालकाने तगादा लावला, की रविवारी सकाळी नवराबायको जेवणे उरकून कल्याणच्या गाडीत बसतात आणि संध्याकाळी चार इमारतींचे नकाशे हातात घेऊन परततात. कितीतरी वर्षे ही यात्रा अखंड चालू आहे.

यंदा त्या यात्रेत आम्हीही सामील झालो. आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. मी कॉलेजात मराठी शिकवते, ती भूगोल. स्टाफरूममध्ये १९ वर्षे आमची टेबले शेजारी आहेत आणि गेली सहा वर्षे भाड्याच्या एकाच घरात आमच्या खोल्याही शेजारी आहेत. माझे लग्न झालेले नाही. तिचे यजमान लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेले, मूलबाळ नाही. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, मालक भाडे वाढवायचा आणि आम्ही पुस्तकांची खोकी बांधायच्या गोष्टी करायचो. अखेर एका संध्याकाळी तीच म्हणाली, “अगं, भाडे आपण दोघी मिळून देतोच आहोत. मग हप्ता का देऊ नये?” प्रश्न बिनतोड होता.

भूगोलाच्या प्राध्यापिकेबरोबर जागा पाहायला जाणे हा एक स्वतंत्र अनुभव आहे. इतर माणसे स्वयंपाकघराचा ओटा पाहतात, आमची बाई जमिनीचा उतार पाहते. डोंबिवलीच्या पश्चिमेला उल्हासची खाडी, पूर्वेला वाढत गेलेली वस्ती आणि त्यापलीकडे औद्योगिक वसाहत. स्टेशनातून पूर्वेला उतरल्याबरोबर रिक्षांच्या रांगा, भाजीवाले, गजरेवाल्या, आणि त्यातून वाट काढीत आलात की फडके रोड. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी या रस्त्यावर नवे कपडे घालून सारी तरुण डोंबिवली लोटते आणि टोकाच्या गणपतीच्या देवळापर्यंत मुंगीलाही वाट उरत नाही. एरवीही हा रस्ता रिकामा असा मी पाहिला नाही. ज्या गावाने २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरवून दाखवले, त्या गावाबद्दल मराठीच्या शिक्षिकेला ममत्व वाटणारच. मी पुस्तकांच्या दुकानापाशी रेंगाळले. भूगोल तोवर एका जुन्या वाण्याला विचारत होती, “काका, २००५ च्या २६ जुलैला पाणी कुठवर आले होते हो?”

काकांनी दुकानाच्या पायरीवर बोट ठेवले. ती पायरी तिने मनात नोंदवली आणि त्या दिवसापासून पश्चिमेच्या सखल भागातल्या साऱ्या इमारती आमच्या यादीतून वाहून गेल्या. औद्योगिक वसाहतीच्या बाजूची एक छान, हवेशीर जागा मला फार आवडली होती. तीही गेली. २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात तिथल्या कारखान्यांत स्फोट झाले, त्यांत माणसे दगावली. “हवेशीर खरे,” ती म्हणाली, “पण हवा कोणती ते नको का पाहायला?”

तिसरी चाळणी कागदांची. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती अशा निघाल्या, की ज्यांच्या बांधकामाच्या परवानग्याच बनावट होत्या आणि त्या बनावट कागदांवर महारेराची नोंदणीसुद्धा मिळवलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला. त्यांत राहणाऱ्या माणसांनी दाराला तोरणे बांधली होती, वास्तुशांती केली होती, हप्ते भरले होते. म्हणून आम्ही दोघींनी ठरवले, की एजंट जो कागद दाखवील त्याची प्रत महापालिकेच्या कचेरीत जाऊन ताडून पाहायची. एजंट गोड बोलून म्हणाला, “मॅडम, एवढे कोणी बघत नाही.” मॅडमनी उन्हाळ्याची सुट्टी त्यातच घालवली. शेवटी टिळकनगरच्या अंगाला एका जुन्या, चार मजली इमारतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी जागा सापडली. लिफ्ट नाही, मजला दुसरा, खिडकीत आंबा. किंमत ४८ लाख.

आता गहाणाकडे येऊ. मराठी कथा-कादंबऱ्यांत घर गहाण पडते ते गोष्टीच्या शेवटाकडे. बापाचे आजारपण, मुलीचे लग्न, सावकाराची पायरी, आणि मग आजीच्या डोळ्यांतले पाणी. आमच्या पिढीने हा क्रम पार उलटा केला. घर हातात येते तेच गहाण पडून. खरेदीखताची मूळ प्रत तिजोरीत ठेवून घ्यायची आणि मग चावी द्यायची, अशी ही रीत. ‘गहाण’ या शब्दाला असलेली लाज कशी पुसली गेली ते भाषाशास्त्र्यांनी सांगावे. बहुधा त्याला ‘गृहकर्ज’ हे सोवळे नाव मिळाले तेव्हाच ती गेली असावी.

आम्हांला ३६ लाख हवे होते. साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलेल्या एका लाखाला महिन्याचा हप्ता पडतो सुमारे ९८५ रुपये. म्हणजे आमचा सुमारे ३५,४५०, दोघींत निम्मा निम्मा. पहिल्या महिन्याच्या त्या ९८५ मध्ये ७०८ रुपये नुसते व्याज, मुद्दलात जमा होतात जेमतेम २७७. एका लाखाचे फेडून होतात एक लाख ७७ हजार. हे गणित मी तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा तेच आले. पंधरा वर्षेच का, तर साठीला दोघीही निवृत्त होणार, आणि पेन्शनीत हप्ता बसवायला कोणी तयार नसते.

पैशांचे ठीक होते. अडले ते फॉर्मवरच्या एका रकान्यात: ‘सहअर्जदाराशी नाते’. पहिल्या बँकेतला तरुण अधिकारी मोठा अदबशीर. त्याने विचारले, “मॅडम, आपण बहिणी का?” नाही. “मावस? चुलत?” नाही. मग त्याने पेन खाली ठेवले. बहुतेक बँका सहकर्जदार म्हणून नवराबायको, आईवडील, मुले, भावंडे एवढीच माणसे धरतात. आणि जागेच्या सहमालकाने कर्जातही सह्या केल्याच पाहिजेत, हा नियम वर. दोन्ही नियम एकत्र वाचले की अर्थ एवढाच, की मैत्रिणींनी घर घ्यावे, पण रोख. दुसरीकडेही तेच उत्तर मिळाले. तिथल्या वयस्क साहेबांनी सुचवले, “एकीच्या नावावर घ्या ना. दुसरी राहीलच की.” हे त्यांनी प्रेमानेच सांगितले. पण १५ वर्षे निम्मा हप्ता भरायचा आणि कागदावर पाहुणी राहायचे, हे आम्हां दोघींपैकी कोणीच दुसरीला करू देणार नव्हती.

गंमत अशी, की या मुंबई इलाख्यात मध्यमवर्गाच्या मालकीची घरे मुळात उभी राहिली तीच एकत्र आलेल्या माणसांच्या भरवशावर. गावदेवीला १९१५ साली रावबहादुर तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली. एका घरची नव्हे, एका ज्ञातीची माणसे एकत्र आली आणि सहकाराने घरे उभी केली. आजही अख्खी इमारत आम्ही एकमेकांशी नाते नसलेल्या वीस बिऱ्हाडांनी मिळून चालवायची हे कायद्याला मान्य आहे. पतसंस्थेत मी तिला जामीन आहे, ती मला आहे. तेव्हा नाते कोणी विचारले नाही. नाते विचारतात ते फक्त उंबऱ्याच्या आत.

तिसऱ्या ठिकाणी, एका गृहवित्त कंपनीत, अर्ज घेतला गेला. अट एवढीच, की दोघींपैकी कोणीही हप्ता चुकवला तर सगळे कर्ज दुसरीच्या अंगावर. खरे तर ही अट नवराबायकोंनाही असते. पण त्यांना ती कोणी इतकी सावकाश वाचून दाखवत नाही. खरेदीदार सगळ्या स्त्रियाच असल्या तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, तीही मिळाली. ४८ लाखांवर ४८ हजार! नवरा असता तर ती बुडाली असती, हे भूगोलाने कचेरीतच मोठ्याने सांगितले.

खरा पेच पुढेच होता, आणि तो वकीलबाईंनी दाखवला. दोन नावांवर घर असले म्हणून एक गेली की ते आपोआप दुसरीचे होत नाही. तिचा अर्धा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो. माझा गेला तर माझ्या भावाकडे. आणि तिचा? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात, निपुत्रिक विधवेने स्वतः कमावलेली मालमत्तासुद्धा मृत्युपत्र नसेल तर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागे. ज्या सासरने २० वर्षांत तिला एक पत्रही पाठवले नाही, ते माझ्या स्वयंपाकघराचे निम्मे मालक होणार! ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कागद आहे का तुमच्याकडे? कोरा चालतो ना?”

चालतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत. सोसायटीत नामनिर्देशन केले की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण नामनिर्देशित माणूस हा विश्वस्त असतो, मालक नव्हे. आम्ही दोघींनी एकाच दुपारी दोन मृत्युपत्रे केली आणि शिवाय एक करार केला: खरेदीखतात हिस्से निम्मे निम्मे लिहायचे, आणि एकीला जागा सोडायची झाली तर तिचा हिस्सा घेण्याचा पहिला हक्क दुसरीचा. बदली, आजारपण, भांडण, सगळे त्यात आले. भांडणाचे कलम मी लिहिले. भाषा माझी म्हणून. ते वाचताना ती इतकी हसली, की साक्षीदारांना आमच्या मनःस्थितीची शंका आली.

सप्टेंबरात चावी मिळाली. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी भागपत्रावर दोघींची नावे चढवली आणि सवयीने विचारले, “तुम्ही एकमेकींच्या कोण?” भूगोल म्हणाली, “सहकर्जदार.” काकांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतले.

सध्या प्रश्न दारावरच्या पाटीचा आहे. तिचे म्हणणे, नावे वर्णानुक्रमे लावावीत. तिचे आडनाव ‘आ’ने सुरू होते, माझे थेट ‘ह’ने. वर्णमाला हा माझा विषय आहे, तिचा नव्हे, असे मी तिला बजावले आहे. निकाल लागेपर्यंत पोस्टमन दोघींची पत्रे पहिल्या मजल्यावर टाकून जातो.