बोंडअळीचं पंचांग

गुलाबी बोंडअळी लागलेलं हिरवं बोंड बाहेरून अगदी धडधाकट दिसतं. अंड्यातून निघालेली केसाएवढी अळी कोवळ्या बोंडात शिरते, मागचं छिद्र बुजून जातं आणि मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. फुलात शिरली तर ती पाकळ्या आतून धाग्याने बांधून टाकते. न उमललेलं असं फूल म्हणजे डोमकळी. बोंडात ती एका सरकीतून दुसरीत जाते, आणि हंगाम सरला की दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्या पोकळीत महिनोन्‌महिने निपचित पडून राहते. तिचं मुख्य अन्न कापूसच. भेंडीसारख्या एखाद्या झाडावर ती कशीबशी निभावते इतकंच. म्हणून २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या उद्रेकाला नैसर्गिक आपत्ती म्हणायला मी तयार नाही. एका पिकावर जगणाऱ्या किडीचं पंचांग तेच पीक ठरवतं, आणि पिकाचं पंचांग आपण.

कीड आपल्याकडे नवी नव्हे. १८४२ साली भडोचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरूनच १८४३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. २००२ मध्ये झाडातच अळीला मारणारं विष बनवणारा बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा. पण इतर देशांत बीटी प्रामुख्याने सरळ वाणांत आलं, आपल्याकडे जवळजवळ सगळं संकरित वाणांत. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही विषं असतात, काहींत एकच, थोड्यांत एकही नाही. सरकी बदलत खाणाऱ्या अळीला प्रतिकार कमावण्यासाठी याहून सोयीची शाळा कोणती? त्यात हे वाण दीर्घ मुदतीचे. ओलिताची सोय असेल तिथे फरदड घेऊन पीक जानेवारीनंतरही उभं ठेवायचं, म्हणजे अळीच्या दोन-तीन पिढ्या वाढीव. २०१० मध्येच गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत एकजनुकी वाण हरल्याचं जाहीर झालं होतं.

यावर ठरलेलं उत्तर असं, की विषाला बळी पडणाऱ्या अळ्या शिवारात टिकाव्यात म्हणून पाकिटासोबत तेव्हा दिलं जाणारं १२० ग्रॅम साधं, बिगर-बीटी बियाणं शेतकऱ्याने कडेने लावलं नाही, दोष त्याचा. ते लावलं गेलं नाही हे खरं. पण एक-दोन एकरवाल्याने स्वतःच्या ओळी अळीला खाऊ घालायच्या आणि फायदा साऱ्या शिवाराला, हा हिशेब कोणाला पटेल? फरदडीचंही तेच, खर्च वसूल झालेल्या शेतात शेवटची वेचणी म्हणजे हातात येणारा रोख पैसा. दुसरा आक्षेप बीटीच फसवं असल्याचा. अमेरिकेने हेच तंत्र, सोबत आधी साध्या कापसाचे सक्तीचे पट्टे आणि नंतर त्या पट्ट्यांऐवजी विमानातून सोडलेले वंध्य पतंग, शिवाय कामगंध (मादी पतंगाचा कृत्रिम गंध) वापरून २०१८ मध्ये देशातून ही कीड संपल्याचं जाहीर केलं. तिथली शेतं मोठी, शेतकरी संघटित आणि सरकार पाठीशी, हे मान्य. पण मग फरक व्यवस्थेत आहे, अळीत नाही.

मला स्वतःला कामगंध सापळ्यातल्या पतंगांच्या मोजणीइतकीच बांधावर रचलेल्या पऱ्हाटीची आणि जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगाची तारीख महत्त्वाची वाटते. चुलीसाठी ठेवलेल्या त्या भाऱ्यांत, वाळक्या बोंडांत, अळी उन्हाळा काढते. जूनच्या पावसानंतर पतंग बाहेर पडतात, आणि मे महिन्यात पाणी देऊन लावलेला कापूस तेव्हा नेमका पात्यावर येत असतो.